पहिल्या २०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी (ठरलेल्या वेळेत स्वतःच्या बळावर पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) सायकल दुरुस्तीचं कोणतं सामान सोबत ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की सायकल हायब्रिड आहे, टायर ७०० × ३५, मागे ८ गिअर, रिम-ब्रेक. आणि पुणे–सातारा रस्त्यावर पंक्चरवाले जागोजागी असतात, तर मग फार सामान कशाला न्यायचं. पंक्चरवाले असतात हे खरं, पण त्यांचं सामान मोटारसायकल आणि ट्रकसाठी असतं. बीआरएममध्ये मागे मदतीची गाडी ठेवता येत नाही, बाहेरच्या माणसांची मदत फक्त कंट्रोलवर (वाटेतल्या ठरलेल्या नोंदणीच्या ठिकाणी) घ्यायची. वेळ १३ तास ३० मिनिटं. मागचं पंक्चर स्वतः काढायला १५-२० मिनिटं लागतात, दुकान शोधत सायकल ढकलली तर तास कुठे गेला कळत नाही.

सगळ्यात आधी व्हॉल्व्ह बघा, कारण ते तुम्ही लिहिलेलं नाही. मोटारसायकलसारखा जाड असेल तर तो श्रेडर, रस्त्यावरच्या कुठल्याही कॉम्प्रेसरने हवा भरता येते. बारीक आणि टोकाला छोटा नट असेल तर प्रेस्टा. त्याला पितळी अ‍ॅडॉप्टर लागतो. तो व्हॉल्व्हवरच बसवून ठेवू नका, पिशवीत ठेवा. प्रेस्टाच्या रिमचं भोक साधारण ६.५ मि.मी.चं असतं, त्यामुळे गावातल्या सायकल दुकानात मिळणारी जाड व्हॉल्व्हची ट्यूब त्यात जातच नाही. कॉम्प्रेसरने भरताना थोडी थोडी हवा सोडा. सायकलच्या टायरमध्ये जागा कमी, दाब क्षणात वर जातो आणि ट्यूब फुटते.

ट्यूब दोन न्या. एक नेऊन बाकी पॅचवर भागवता येईल असं वाटतं, पण पावसात किंवा ओल्या ट्यूबवर सोल्यूशन धरत नाही, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात बारीक भोक सापडत नाही. ट्यूबला टाल्कम पावडर लावून ती जुन्या मोज्यात घाला. पिशवीत हत्यारांना घासून नव्या ट्यूबलाच भोक पडतं आणि ते गरजेच्या वेळी कळतं. पॅच ६-८, पॉलिश पेपरचा तुकडा आणि सोल्यूशनची न फोडलेली ट्यूब. एकदा फोडलेली बाहेरून भरलेली दिसते, आत वाळलेली असते. सोल्यूशन लावल्यावर ३ ते ५ मिनिटं थांबायचं, चमक जाऊन ते कोरडं दिसायला लागलं की मगच पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच हवा भरताच सुटतो.

ट्यूब बदलण्यापेक्षा ती कशाने गेली हे शोधणं महत्त्वाचं आहे, आणि घाईत बहुतेक जण हेच टाळतात. चाक काढायच्या आधी चेन सगळ्यात लहान कॉगवर (मागच्या दातेरी चक्रावर) आणा. टायर एकाच बाजूने काढा आणि कुठला भाग व्हॉल्व्हपाशी होता ते लक्षात ठेवा, म्हणजे ट्यूबचं भोक टायरवर नेमकं कुठे येतं ते कळतं. बाहेरच्या अंगाला एक भोक असेल तर बाभळीचा काटा किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार. ही तार हायवेच्या कडेला फार असते आणि केसाएवढी असल्याने डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून फडकं हळूच फिरवा, अडकेल तिथे ती आहे. काढायला छोटा चिमटा लागतोच, नखाने निघत नाही. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली गेली. भोक आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर रिमटेप (रिमच्या आत स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकलेली आहे. ती सरळ केल्याशिवाय दुसरी ट्यूबही जाईल.

नव्या ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून मग आत घाला. टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने बसवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा, म्हणजे शेवटचा घट्ट भाग हातानेच जातो. टायर लिव्हर प्लॅस्टिकचे दोन-तीन पुरेत. स्क्रूड्रायव्हर किंवा चमचा वापरला की ट्यूब चिमटून फाटते. टायरची बाजू कापली गेली तर आतून जुन्या टायरचा ५-६ सेंटिमीटरचा तुकडा लावा. तो नसेल तर घडी घातलेली नोटही चालते.

पंप छोटा पण नळीवाला घ्या. थेट व्हॉल्व्हवर दाबायच्या पंपाने जोर लावताना व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो.

मल्टिटूलमध्ये ४, ५, ६ मि.मी.च्या एलन की, स्क्रूड्रायव्हर आणि चेन तोडायचं हत्यार हवं. चाकं नटांनी बसवलेली असतील तर १५ मि.मी.चा पानाही लागेल. ६, ७, ८ स्पीडच्या चेनला एकच क्विक लिंक (हत्याराशिवाय जोडता येणारी चेनची कडी) चालते, तुम्ही तिची एक जोडी ठेवा. १० स्पीडवाल्या मित्राची तुमच्या चेनला बसणार नाही. चेन तुटली की मोडलेली बाहेरची कडी पूर्ण काढा, दोन्ही टोकांना आतली कडी राहिली पाहिजे, तिथे क्विक लिंक बसते आणि चेनची लांबीही तीच राहते. लिंक वरच्या बाजूला आणून मागचा ब्रेक दाबा आणि पेडलवर जोर द्या, ती टक्कन बसते.

पडल्यावर मागचा डिरेलर (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आत वाकलेला दिसला तर सगळ्यात मोठ्या कॉगवर जाऊ नका, तो स्पोकमध्ये जाऊन चाकासकट सगळंच मोडतो. उजवीकडचा स्पोक तुटला तर तो शेजारच्याला गुंडाळा. रिम डावीकडे सरकते, म्हणून लगतचे डावीकडचे दोन स्पोक अर्धा फेरा सैल करा. त्यासाठी तुमच्या निपलच्या (स्पोक रिमला घट्ट करणाऱ्या छोट्या नटाच्या) मापाची स्पोक-की हवी. मागची गिअर केबल तुटली तर चेन लहान कॉगवर जाते आणि चढ जीव काढतो. डिरेलरवरचा ‘एच’चा स्क्रू आत फिरवला की चेन एखादा कॉग आत येते. जादा केबल वजनाला काहीच नाही, ती ठेवाच.

उरलेलं थोडक्यात: ५-६ झिप टाय, पंपावर गुंडाळलेली हातभर इन्सुलेशन टेप, बाटलीच्या स्टँडचा एम५ बोल्ट, पातळ रबरी हातमोजे, फडकं, डोक्याला लावायची बॅटरी. हे सगळं सीटखालच्या पिशवीत मावतं. ब्रेक-शू घरीच बघा. त्यातल्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर निघण्याआधीच बदला, खंबाटकीच्या उतारावर तो प्रश्न नको.

आणि मागचं चाक घरी दोनदा काढून बसवा, याच पंपाने शून्यापासून ६० पीएसआयपर्यंत हवा भरा आणि किती वेळा दांडा मारावा लागला ते मोजा. रस्त्यावर गेज नसताना तोच आकडा कामाला येतो. चाक बसवल्यावर रिम-ब्रेकची सोडलेली केबल परत अडकवायची आणि सायकलवर बसण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघायचे.