पिचर व्हायचंय, म्हणून अकरावी नको?

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. शाळेच्या बेसबॉल संघात पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून विभागीय स्पर्धेपर्यंत खेळला. ‘रिंकू सिंगसारखं अमेरिकेत खेळणार’ म्हणतो आणि अकरावीला प्रवेशच नको म्हणून हटून बसलाय. काय करू? – एक आई, सातारा

ताई, नमस्कार.

रिंकूची कारकीर्द त्याला शेवटपर्यंत सांगा. हा क्रिकेटवाला रिंकू नव्हे, उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या चेंडूफेकीच्या स्पर्धेत तो पहिला आला, दिनेश पटेल दुसरा. त्याआधी दोघंही बेसबॉल खेळले नव्हते. अमेरिकेत पिचिंगचे प्रशिक्षक टॉम हाउस यांच्याकडे काही महिने शिकले आणि त्याच नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगमधल्या संघाने दोघांशी करार केला. इथपर्यंतची गोष्ट मुलं आवडीने सांगतात.

पुढे दिनेशला दोन वर्षांत संघाने मोकळं केलं. रिंकू चिकाटीने राहिला, २०१२ चा मोसम वेस्ट व्हर्जिनियाच्या संघाकडून चांगला खेळला. पण ती पातळी सिंगल-ए, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायऱ्यांपैकी एक. तिच्यावर हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग सर्वांत वरची मेजर लीग. पुढच्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाली, दुखापती सुटल्या नाहीत. २०१८ मध्ये तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. मी याला अपयश म्हणणार नाही. कधी न खेळलेल्या खेळात चार वर्षं टिकणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पैशाचंही बोला. २०२३ च्या करारानुसार सिंगल-एच्या खेळाडूला वर्षाला किमान २६,२०० डॉलर मिळू लागले. त्याआधी जेमतेम ११,०००. त्याच वर्षी मेजर लीगचं किमान वेतन ७,२०,००० डॉलर होतं. मधल्या पायऱ्यांवरच बहुतेकांची कारकीर्द संपते.

म्हणून अकरावीला प्रवेश घ्याच, आणि खेळही सोडायला लावू नका. अमेरिकेत बरेच खेळाडू कॉलेजच्या संघांतूनच वर येतात आणि त्या कॉलेजांत प्रवेशासाठी बारावी लागते, इंग्रजी लागतं. खेळाच्या शिष्यवृत्त्याही तिथेच असतात, बहुधा अंशतः.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करा. त्याच्या प्रशिक्षकांना विचारा, तो सामन्यात किती चेंडू टाकतो? अमेरिकेतल्या मार्गदर्शक नियमांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसात ९५ च्या वर टाकू नयेत आणि ७६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती हवी. कोपर दुखत असेल तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तो दुखणं लपवत असेल, या वयात मुलं लपवतात, तेव्हा तुम्हीच विचारा.