जुन्या मर्सिडीजची विजेची दुखणी: डबे बदलण्याआधी जोड तपासावेत

आपली गाडी 1989 ची मर्सिडीज 230ई, म्हणजे डब्ल्यू124 मालिकेतील, श्टुटगार्टला वापरात असलेली. तक्रारी अशा: एबीएसचा (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा मधूनच लागतो आणि त्याच वेळी आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनची गती, वर-खाली होऊ लागते, इंजिन तापल्यावर कधीकधी बंद पडते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते, घड्याळ मागे पडते. वर्कशॉपने एबीएसचे कंट्रोल युनिट (यंत्रणा चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) व आयडलिंग सांभाळणारा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह बदलण्याचे अंदाजपत्रक दिले आहे. शिवाय गाडीच्या मूळ बेकर कंपनीच्या रेडिओत ब्लूटूथ बसवायचे आहे. आधी स्पष्ट सांगतो: यांतील एकही महागडा भाग अजून विकत घेऊ नये. या पिढीच्या गाड्यांत कंट्रोल युनिट स्वतःहून निकामी होणे विरळा. त्यांना वीज पोहोचवणारे फ्यूज, रिले, अर्थिंग आणि सोल्डरचे जोड मात्र तीस-पस्तीस वर्षांत हमखास थकतात.

सुरुवात फ्यूजपासून करावी, कारण तिथे खर्च जवळजवळ नाही. आपल्या गाडीच्या मुख्य फ्यूज-डब्यात पात्यांचे फ्यूज नसून टोकदार, गोळीसारखे फ्यूज आहेत: पांढरा 8 अँपिअरचा, लाल 16 चा, निळा 25 चा. त्यांवरील पट्टी पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची असते. टोकाशी ऑक्साइडचा थर चढला की फ्यूज डोळ्यांना शाबूत दिसतो, पण वीज अडखळत जाते. बॅटरीची ऋण तार काढून सगळे फ्यूज बाहेर घ्यावेत, पितळी पकडी बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ कराव्यात आणि तांब्याच्या पट्टीचे नवे फ्यूज त्याच क्षमतेने बसवावेत. बॅटरीची तार काढण्यापूर्वी रेडिओचा कोड हाताशी आहे ना, याची खात्री करून घ्यावी. तो नसेल तर बेकर मुकाच राहील.

त्यानंतर मल्टिमीटर. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि हेडलाइट, मागील काचेचा हीटर व ब्लोअर एकदम चालू केल्यावरही त्यात फार घसरण होता कामा नये. ती झाली, तर अल्टरनेटरमागील रेग्युलेटर दोन स्क्रू काढून बाहेर घ्यावा आणि कार्बन ब्रश पाहावेत. 5 मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर रेग्युलेटर बदलावा. एबीएसचे युनिट कमी व्होल्टेज सहन करत नाही. ते स्वतःला बंद करून दिवा लावते, आणि दोष त्याच्याच माथी मारला जातो. अर्थिंग तपासण्यासाठी ओम मोजत बसू नये. इंजिन चालू आणि सर्व भार चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरे इंजिनच्या धातूवर, मग बॉडीवर धरावे. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची वेणी किंवा तिच्या बोल्टखालचा गंज हेच दुखणे समजावे.

एवढे ठीक निघाले, तर आपल्या पहिल्या तक्रारीचा बहुधा खरा धनी असलेल्या भागाकडे वळू: ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन रिले, म्हणजे जादा व्होल्टेजपासून युनिटांना वाचवणारा रिले. इंजिनच्या कप्प्यात बॅटरीच्या मागे, प्लास्टिकच्या आडोशापलीकडे, चंदेरी अ‍ॅल्युमिनियमचा एक डबा दिसेल. त्याच्या माथ्यावर पारदर्शक झाकणाखाली 10 अँपिअरचा लाल फ्यूज असतो (हा मात्र पात्यांचा), काही प्रकारांत असे दोन. एबीएसचे युनिट आणि बॉशच्या केई-जेट्रॉनिक इंधनप्रणालीचे युनिट या दोघांनाही वीज याच डब्यातून मिळते. दोन संबंध नसलेल्या यंत्रणा एकाच क्षणी बिघडतात तेव्हा त्यांच्या वाटेवरचा सामाईक भाग शोधावा, आणि इथे तो हा आहे. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले तर आतील झेनर डायोड प्रवाह अर्थकडे वळवतो, फ्यूज उडतो आणि महाग युनिटे वाचतात. म्हणूनच त्या जागी 15 किंवा 20 अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नये. तसे केल्यास रिलेचे संरक्षणाचे कामच संपते.

डबा उघडणे अवघड नाही. खालच्या कडेला अ‍ॅल्युमिनियम दुमडलेले असते. ते पातळ पेचकसाने हळूहळू उलगडावे आणि आतील बोर्ड सरळ बाहेर ओढावा. बोर्डाची सोल्डरची बाजू दहापट भिंगाखाली, तिरक्या प्रकाशात पाहावी. जाड पिना जिथे बोर्डाला मिळतात तिथे पिनेभोवती केसाएवढी गोल रेघ दिसेल. आपल्याकडचे रेडिओ मेकॅनिक ज्याला ड्राय सोल्डर म्हणत, तेच हे. पिन वीज वाहताना तापते, नंतर थंड होते. धातू आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यात इंजिनची थरथर मिळते, आणि वर्षानुवर्षांनी जोड चिरतो. गाडी थंड असताना चीर मिटलेली असते आणि तापल्यावर उघडते, किंवा कधी याच्या उलट होते. दोष लहरी वाटण्याचे कारण हेच.

अशा जोडाला नुसते आयर्न टेकवून जुने सोल्डर वितळवणे पुरेसे नसते, कारण ऑक्साइड आतच राहतो. जुने सोल्डर पंपाने किंवा तांब्याच्या वेणीने ओढून घ्यावे, फ्लक्स लावावा आणि नवे सोल्डर भरावे. मूळ बोर्ड शिसेयुक्त सोल्डरचे आहेत, त्यामुळे दुरुस्तीसाठी 63/37 (कथील/शिसे) प्रमाणाचे, 183 अंश सेल्सिअसला वितळणारे सोल्डरच योग्य. शिसेविरहित सोल्डर त्यात मिसळू नये. आयर्नचे टोक रुंद असावे आणि तापमान 330 ते 350 अंश सेल्सिअस. जाड पिन उष्णता ओढून घेते, म्हणून बारीक टोकाने काम करणारा माणूस वेळ लावतो आणि बोर्डावरील तांब्याची पट्टी उचकटून बसतो. खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

रिले परत बसवण्यापूर्वी टेबलावर त्याची परीक्षा घ्यावी. जर्मन गाड्यांत टर्मिनलांचे क्रमांक डीआयएन 72552 या मानकाप्रमाणे असतात, आणि ते एकदा पाठ झाले की कोणत्याही जुन्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा फोक्सवॅगनचा नकाशा वाचता येतो: 30 म्हणजे थेट बॅटरी, 15 म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी वीज, 31 म्हणजे अर्थ, 87 म्हणजे रिलेतून बाहेर पडणारी वीज. 30 आणि 15 ला 12 व्होल्ट द्यावे, 31 ऋण खांबाला जोडावे आणि 87 वर इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावावा. बल्ब अर्धा तास जळू द्यावा, मधूनमधून पेचकसाच्या मुठीने हलकेच टकटक करावी, हेअर ड्रायरने बोर्ड गरम करावा. बल्ब एकदाही लवला नाही, तरच रिले गाडीत जावा. फक्त मीटर लावून 12 व्होल्ट दिसले म्हणजे रिले उत्तम, असे समजू नये. भाराविना चिरलेला जोडही 12 व्होल्ट दाखवतो.

दुसरी तक्रार, तापल्यावर बंद पडण्याची, अधिक विचाराने सोडवावी लागेल, कारण तिला तीन संशयित आहेत: फ्युएल पंपाचा रिले, क्रँकचा पोझिशन सेन्सर (इंजिनच्या फेऱ्यांचा संकेत देणारा) आणि इग्निशनचे मॉड्यूल (ठिणगी घडवणारे). पंपाचा रिलेही बॅटरीमागेच असतो आणि त्याचे जोडही तसेच चिरतात. गाडी बंद पडली की लगेच, ती थंड होण्याआधी, दोन गोष्टी पाहाव्यात. सेल्फ मारताना मागच्या बाजूने पंपाची घरघर ऐकू येते का, आणि प्लगला ठिणगी येते का? ठिणगी आहे पण पंप मुका आहे, तर रिले काढून त्याच्या बैठकीतील 30 आणि 87 या जागा 16 अँपिअरचा फ्यूज असलेल्या तारेने जोडून पाहाव्यात. पंप चालला आणि गाडी सुरू झाली तर दोष रिलेचा. ही जोडणी निव्वळ चाचणीपुरती ठेवावी. तो रिले इंजिनच्या फेऱ्यांचा संकेत मिळतो तोवरच पंप चालवतो, जेणेकरून अपघातात इंजिन थांबले तर पेट्रोल वाहत राहू नये. तार कायम ठेवून गाडी चालवणे म्हणजे ही सुरक्षा काढून टाकणे होय.

ठिणगी आणि पंप दोन्ही नसतील तर रिलेला दोष देऊ नये, कारण फेऱ्यांचा संकेतच नसेल तर तो आपले काम बरोबर करत असतो. मग क्रँक सेन्सरचा रोध मोजावा. तो साधारण 680 ते 1200 ओम असावा, आणि महत्त्वाचे म्हणजे गरम असताना मोजावा. तोही ठीक असेल तर इग्निशन मॉड्यूल मडगार्डच्या आतील पत्र्यावरून सोडवून त्याची पाठ पाहावी. तिथली उष्णतावाहक पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती पुसून नवी पातळ थराने लावावी. पेस्टच नसेल तर मॉड्यूलची उष्णता पत्र्यात उतरत नाही, आणि तापल्यावर ते ठिणगी देणे थांबवते.

घड्याळाचे काम सोपे आहे. मीटरचा डबा दोन वाकवलेल्या तारांच्या आकड्यांनी पुढे ओढला जातो. ओढताना मागची स्पीडोमीटरची केबल ताणू देऊ नये. घड्याळाच्या बोर्डावरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेला असतो. तेवढ्याच मूल्याचा, 105 अंशांचा नवा कपॅसिटर ध्रुव जुळवून लावावा. डबा बाहेर आहेच तर आतील बल्बही बदलावेत, पण एलईडी लावण्याचा मोह झाला तरी बॅटरीच्या चिन्हामागचा बल्ब साधाच ठेवावा. अल्टरनेटरला सुरुवातीचा उत्तेजन-प्रवाह त्याच बल्बमधून मिळतो. एलईडीतून तो पुरेसा जात नाही आणि चार्जिंग सुरू होण्यातच अडचण येते. आपल्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर तिच्या तारांना मीटर लावू नये. ओम मोजताना मीटर सोडतो तेवढा प्रवाहही तिथे नको.

आता ब्लूटूथ. गाडीला तीस वर्षे उलटलेली असल्यामुळे आपण एच अक्षराची, म्हणजे जर्मनीत ऐतिहासिक गाड्यांना मिळणारी, नंबरप्लेट घेतली असेल किंवा घ्याल. त्या तपासणीत गाडीचे मूळ रूप पाहिले जाते, म्हणून बेकर काढून चमचमता रेडिओ बसवण्याला माझा विरोध आहे. कॅसेटच्या वाटेने ध्वनी आत घालावा: प्रीअँपच्या पुढे आणि व्हॉल्यूमच्या अलीकडे, डाव्या-उजव्या वाहिनीत प्रत्येकी एक कपॅसिटर घालून. बोर्डाची एकही पट्टी कापू नये. उद्या सगळे काढले तर रेडिओ जसा होता तसा राहिला पाहिजे. ब्लूटूथ मॉड्यूलची वीज 15 वरून घ्यावी, 30 वरून नव्हे. नाहीतर उभ्या गाडीत बॅटरी खाल्ली जाईल. चावी काढल्यावर आणि दारे बंद असताना पूर्ण गाडी 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढत नाही, हे काम संपल्यावर मोजूनच पाहावे.

या मॉड्यूलला लागणारे कमी व्होल्टेज मिळवण्यासाठी स्वस्त व्होल्टेज कन्व्हर्टर थेट जोडू नये. इंजिन धावत असताना बॅटरीची तार सुटली तर क्षणभर व्होल्टेज 60 च्याही पुढे जाऊ शकते, आणि बाजारातील बरेच छोटे कन्व्हर्टर त्याच्या निम्म्यातच जळतात. आधी 1 अँपिअरचा फ्यूज, त्यामागे 24 व्होल्टचा, 1500 वॅट क्षमतेचा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा असा झटका शोषणारा), आणि मग 40 व्होल्ट सोसणारा कन्व्हर्टर, असा क्रम ठेवावा. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर तो अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप) आहे, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थमधून फिरणारा प्रवाह. अर्थ विलग ठेवणारा कन्व्हर्टर घातला की ती जाते.

हेडलाइटमध्ये एलईडी घालण्याचे आपण शेवटी विचारले आहे. जर्मनीत आपल्या नेमक्या मॉडेलसाठी मंजुरी नसलेला बल्ब लावला तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच धोक्यात येतो, आणि दर दोन वर्षांच्या तपासणीतही तो अडेल. त्याऐवजी हेडलाइटच्या प्लगवर, दिवे चालू असताना, किती व्होल्ट पोहोचतात ते मोजावे. बॅटरीच्या तुलनेत एक व्होल्ट जरी वाटेत हरवत असेल तरी प्रकाश बराच कमी होतो, आणि स्वच्छ फ्यूज व चांगले अर्थिंग यांनी तो पुष्कळसा परत मिळतो.

पुण्यातील आपल्या काकांच्या 1996 च्या ई220 ला हेच सारे लागू पडते का, असेही आपण विचारले आहे. डब्ल्यू124 ची जोडणी पुण्यात 1995 पासून होत होती, पण ई220 चे इंजिन वेगळे आहे, त्यात केई-जेट्रॉनिक नाही. फ्यूज, अर्थिंग आणि सोल्डरच्या चिरा तिथेही तपासाव्यात. मात्र तिथे पहिली शंका इंजिनच्या वायर हार्नेसवर, म्हणजे तारांच्या जुडग्यावर, घ्यावी. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातील त्या हार्नेसच्या तारांवरचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते. हार्नेसवर निर्मितीच्या तारखेची चिठ्ठी असते, ती आधी वाचावी. इंजिन थंड असताना एखाद्या इंजेक्टरच्या प्लगवरील रबर मागे सारून तार किंचित वाकवावी. आवरणाला भेगा पडल्या तर गाडी चालवणे थांबवावे, कारण उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की इंजिनचे कंट्रोल युनिट जळू शकते. तिथे टेप गुंडाळून निभावणार नाही: हार्नेस पूर्ण बदलावा किंवा उष्णता सोसणाऱ्या तारांनी नव्याने बांधून घ्यावा, आणि थ्रॉटल अ‍ॅक्च्युएटरमधून (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप हलवणाऱ्या भागातून) बाहेर येणाऱ्या तारा त्याच वेळी पाहाव्यात, कारण त्यांचे आवरणही त्याच जातीचे असते.