हाक उशिरा आली तर ती खरी नसते का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी 31 वर्षांची, बडोद्यात दांडिया बाजारात राहते, मकरपुऱ्याला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. बीकॉम केलं, सीए अर्धवट सोडलं, मग ट्युशन्स, मग ही नोकरी. पावसाळ्यापासून दर रविवारी एका संस्थेत कर्णबधिर मुलांना शिकवायला मदत करते. परवा एका मुलाने माझ्या नाकावर बोट ठेवून, तिथल्या थरथरीवरून 'म' ओळखला आणि मला रात्रभर झोप नाही आली. स्पेशल बीएड करावंसं फार वाटतंय. पण माझी मैत्रीण आठवीपासून डॉक्टर होणार म्हणायची आणि झालीच, मला असं कधीच काही वाटलं नव्हतं. आई म्हणते हेही चार दिवसांचं खूळ. खरंच हे माझं काम आहे की ऑफिसचा कंटाळा आलाय म्हणून वाटतंय, कसं ओळखू?

उत्तर: अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑफिसबद्दल तू एकच ओळ लिहिलीयेस, तीही तक्रारीची नाही, आणि त्या मुलाचं बोट मात्र नाकावर नेमकं कुठे होतं ते तुला आठवतंय. नुसता कंटाळा आलेली माणसं उलटं लिहितात, बॉस कसा आहे, पगार किती कमी आहे, याचंच पानभर असतं, आणि पुढे काय करायचंय ते सगळं धूसर.

आठवीत ठरलं नाही याचं एवढं काय घेऊन बसलीस? तुझ्याच गावातलं सांगते. दादासाहेब फाळके 1890 च्या सुमारास इथल्या कलाभवनात शिकले, आज जिथे युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग आहे तिथे. चित्रकला शिकले, फोटोग्राफी केली, गोध्र्याला स्टुडिओ टाकला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखान्यात राबले. तेव्हा शेजारीपाजारी काय म्हणत असतील, की या माणसाचं एक काही धड नाही. सिनेमा बघून झपाटले तेव्हा चाळिशीला आले होते आणि मग तो कॅमेरा, ती केमिकल्स, ती चित्रकला, सगळंच कामी आलं. तुझं अकाउंट्सपण वाया जाणार नाही, अशा संस्थांना हिशोब नीट ठेवणारं माणूस किती लागतं हे तू आत जाऊन बघितलंच असशील.

पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते. मोठा सिनेमा करण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाण्याचं रोप लावलं आणि ते वाढताना रोज थोडं थोडं चित्रित केलं, ती छोटीशी फिल्म दाखवली तेव्हा कुठे पैसे लावणारा माणूस मिळाला. तूही आधी एक कुंडी लाव. रविवारी मुलं खेळीमेळीत असतात आणि तू पाहुणी असतेस. 15 दिवस रजा काढ आणि रोजच्या शाळेत बस, जिथे एकच अक्षर 40 वेळा घ्यावं लागतं, ओठांवर 'प' आणि 'म' सारखेच दिसतात म्हणून मूल चिडतं, कानातलं मशीन काढून फेकतं, आणि पालक विचारतात बोलायला कधी लागणार. तेव्हाही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटतं का ते बघ.

आणि तिथल्या बाईंना सरळ विचार, मी या कामाला बरी आहे का. आपण आतला आवाज आतला आवाज म्हणतो खरं, पण हाक मारणारं कोणीतरी समोर असतं गं, तिथे तू लागतेयस का हे त्यांनाच माहीत असणार.

कोर्स बघताना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का ते आधी तपास, शिकवायला तिथली नोंदणी लागते. फीचे आणि घरखर्चाचे पैसे बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडू नकोस, आईची भीती बरीचशी तिथलीच असावी. तिला एका रविवारी बरोबर ने, समजावत बसू नकोस, नुसती मागच्या बाकावर बसव.

रजा संपली की पुन्हा लिही. त्या मुलाला 'प' जमला का तेही कळव.