काउबॉय फास्ट ड्रॉ: नवीन क्लबच्या मॅचला टार्गेट किती लांब ठेवायचं?

काउबॉय फास्ट ड्रॉ म्हणजे कमरेच्या होल्स्टरमधून झटकन रिव्हॉल्वर काढून मेणाच्या गोळीने टार्गेट मारायचा खेळ. यात २४ इंची गोल स्टीलचं टार्गेट असेल तर सरळ २१ फूट ठेवा. अमेरिकेत काउबॉय फास्ट ड्रॉ असोसिएशनच्या मॅचेसना हेच माप जास्त दिसतं, म्हणजे तुमचे मेंबर्स उद्या मोठ्या मॅचला गेले तरी सवय तीच राहते. जागा कमी असली तर १५ फूट चालेल पण मग टार्गेट पण १७ इंचाच्या आसपास घ्या, नाहीतर तेच मोठं टार्गेट जवळ आणलं की नेम धरायची गरजच उरत नाही, नुसती हाताची घाई, आणि मग मजा काय राहिली! पण एक लक्षात ठेवा, मेणाच्या गोळीचे तुकडे उलटे उडतात, त्यामुळे अंतर कुठलंही असो, बघणाऱ्यांना पण सेफ्टी चष्मा कंपल्सरी.