फॉस्फेटिंगनंतर (पावडरआधी पत्र्यावर फॉस्फेटचा थर दिल्यावर) एमएसचे, म्हणजे माइल्ड स्टीलचे, भाग पिवळट पडतात, तसंच पावडर कोटिंग करू का?

नको, तो पिवळेपणा म्हणजे ताजा गंज, त्यावर पावडर चांगली बसली तरी पुढे पापुद्रा सुटतो. झिंक फॉस्फेटचा थर राखाडी आणि एकसारखा दिसायला हवा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या तुमच्या सात टाक्यांच्या लाईनवर मी आधी डीरस्टिंगनंतरची (अ‍ॅसिडने गंज काढल्यानंतरची) धुलाई तपासेन. तिथलं पाणी वाहतं नसेल तर अ‍ॅसिड पुढे ॲक्टिव्हेशनच्या टाकीत (फॉस्फेटचे कण बारीक, दाट बसावेत म्हणून पत्रा तयार करणाऱ्या) जातं. तिचा पीएच साधारण ८.५ ते ९.५ असावा लागतो. तो घसरला की फॉस्फेटचे कण जाडेभरडे, विरळ बसतात आणि मधला उघडा पत्रा गंजतो. धुलाईच्या आणि ॲक्टिव्हेशनच्या, दोन्ही टाक्यांत पीएच पट्टीने बघा. दुसरं कारण उशीर. दोन टाक्यांच्या मध्ये भाग टांगून चहाला जायचं नाही, बेळगावच्या पावसाळ्यात तर नाहीच. शेवटच्या धुलाईनंतर लगेच ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये, साधारण १० मिनिटं. स्पॉट वेल्डच्या दुमडीत पाणी अडकतं, म्हणून भाग तिरका टांगा आणि हवेने फुंका. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटची धुलाई तरी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याची ठेवा, नाहीतर क्षारांचे डाग राहून तिथे फोड येतात.

पिवळे पडलेले भाग पुन्हा डीरस्टिंगपासून घ्या. नुसता पॉलिश पेपर मारला तर फॉस्फेटही निघून जातं.

मात्र तुमचं केमिकल आयर्न फॉस्फेटचं असेल तर निळसर-सोनेरी झाक नेहमीचीच. पांढऱ्या फडक्याने घासा: तांबूस भुकटी लागली तरच गंज.