जुनी बोट घेतली आणि डॅशबोर्डवरचे काटे भलतंच दाखवतात. सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: जुनी फायबर बोट, आत डिझेल इंजिन, 12 व्होल्टचं वायरिंग. डिझेलचा काटा कायम फुलच्या पुढे, दिवे लावले की टेंपरेचर आणि ऑइल प्रेशरचे काटे सरकतात, आरपीएम शून्य, आणि चावी फिरवल्यावर ऑइल आणि चार्जिंगचे लाल दिवे लागतच नाहीत. नवे मीटर इतक्यात मागवू नका. खाऱ्या हवेत मीटरच्या आधी वायरींचे सांधे आणि सेंडर (टाकीत किंवा इंजिनवर बसून मीटरला सिग्नल देणारे भाग) जातात.

पहिलं काम ऑइलच्या दिव्याचं, कारण इंजिन वाचवणारा तोच. चावी ऑन, इंजिन बंद असताना तो लागलाच पाहिजे. इंजिनवरच्या प्रेशर स्विचची वायर काढून ब्लॉकच्या स्वच्छ धातूला टेकवा. दिवा लागला तर स्विच खराब, किंवा त्याच्या आट्यांवर कुणीतरी टेफ्लॉन टेप गुंडाळून अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोड) तोडलंय. नाही लागला तर बल्ब, वायर किंवा फ्यूज. दोन्ही दिवे गेलेत म्हणजे आधी त्यांच्या सामायिक पुरवठ्यावर 12 व्होल्ट येतात का ते बघा. हा दिवा चालू होईपर्यंत बोट धक्क्यावरून सोडू नका.

चार्जिंगच्या दिव्याचा आरपीएमशी थेट संबंध आहे. बहुतेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो आणि डिझेलवर टॅकोमीटरला (आरपीएमच्या मीटरला) सिग्नल सहसा अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून जातो. बल्ब उडाला की चार्जिंगही नाही, आरपीएमही नाही. मल्टिमीटर बॅटरीवर लावा: इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी 12.6 च्या आसपास, चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट. आकडा चढलाच नाही तर बल्ब आणि पट्टा बघा. चढला आणि काटा तरी शून्यावरच, तर डब्ल्यूची वायर तपासा. काटा हलू लागला पण दुप्पट किंवा निम्मे आरपीएम दाखवत असेल, तर मीटरच्या मागचा सेटिंगचा स्विच चुकीच्या जागी आहे.

दिवे लावल्यावर दोन-तीन काटे एकदम सरकतात, ही सामायिक अर्थिंगची खूण. डॅशबोर्डमागे काळी वायर एका मीटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते. त्यातला एक सांधा सैल झाला की पुढचे सगळे मीटर खोटं बोलतात. चावी आणि दिवे ऑन ठेवा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं प्रत्येक मीटरच्या 'जी' (अर्थिंगच्या) टर्मिनलवर. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की दोष त्याच वाटेत. तांबं हिरवं किंवा काळं पडलं असेल तर चकचकीत तार लागेपर्यंत वायर मागे कापा. कथिलाचा मुलामा असलेली मरीन वायर आणि आत गोंद असलेले हीटश्रिंक टर्मिनल वापरा. पिळून इन्शुलेशन टेप गुंडाळलेला सांधा एक पावसाळाही काढत नाही.

आता डिझेलचा काटा. सेंडर दोन पद्धतींचे असतात. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी म्हणजे 240 ओहम, भरलेली म्हणजे 33. युरोपियन पद्धतीत रिकामी 10, भरलेली 180, म्हणजे उलटं. म्हणून काटा फुलच्या पुढे अडकण्याचा अर्थ अमेरिकन मीटरवर सेंडरची वायर कुठेतरी अर्थिंगला टेकली असा होतो, युरोपियनवर वायर तुटली असा. मीटरमागची एस (सेंडरकडून येणारी) वायर काढून बघा: काटा रिकाम्याकडे पडला तर मीटर अमेरिकन आणि दोष वायरीत किंवा सेंडरमध्ये, फुललाच राहिला तर ती एस टर्मिनल क्षणभर जीला जोडा, युरोपियन मीटर रिकाम्याकडे येईल. मग मेन स्विच बंद करून सेंडर बाहेर काढा, फ्लोट हाताने वरखाली करा आणि ओहम सलग बदलतात का ते पाहा. आधीच्या मालकाने एका पद्धतीच्या मीटरला दुसऱ्या पद्धतीचा सेंडर जोडून ठेवलेलाही सापडतो. तेव्हा जोडी जुळवून सेंडरच बदलावा लागतो. टाकीची खोली मोजूनच मागवा.