लॅबचा पासवर्ड उडवला, आता मुलाला कुठे घालू?

ताई, नमस्कार.

पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या तुमच्या मुलाने लॅबमधल्या पीसीला पेनड्राइव्ह लावून अ‍ॅडमिनचा (म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड उडवला, गेम टाकला आणि पकडला गेला. विभागप्रमुखांनी लेखी समज दिली. आजोबा म्हणतात पोराने नाव घालवलं, मामा म्हणतात लाखभर भरून एथिकल हॅकिंगला, म्हणजे परवानगीने संगणकातल्या त्रुटी शोधायच्या कोर्सला, घाला. तुम्ही विचारता, ऐकावं कुणाचं?

मामांचं तूर्त राहू द्या. या उद्योगात त्याच्या हाती लागला तो फक्त त्या एका पीसीचा लोकल अ‍ॅडमिन, म्हणजे त्या मशीनपुरतंच चालणारं अ‍ॅडमिनचं खातं. संस्थेचे संगणक आणि खाती एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेला डोमेन म्हणतात. त्या खात्यांचे पासवर्ड डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरवर असतात. तिथवर तो पोचलाच नाही. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, असतं तर एवढंही जमलं नसतं. त्याला एक विचारून बघा: लॅबभर लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच ठेवला असेल तर? एक मशीन गेलं की सगळी गेली. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये लॅप्स नावाचं साधन आणलं. ते प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देतं आणि मुदतीने बदलतं. यात तो रंगला तर सिस्टम अ‍ॅडमिनच्या, म्हणजे कंपनीचे संगणक आणि खाती सांभाळण्याच्या, लाइनला जाऊ द्या. नुसतं ‘आत शिरलो’ यावरच खूश असेल, तर थांबा.

आजोबांचंही अगदीच चूक नाही. आयटी कायदा 2000 चं कलम 43 परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याबद्दलच आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केलं, तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समजेवर निभावलं म्हणायचं.

सिस्टम अ‍ॅडमिनच्या नोकरीत सुरुवातीला थरार शून्य. लॉक झालेली खाती उघडा, पासवर्ड रीसेट करा, प्रिंटर बघा. पुढे खरी कसोटी लागते ती साहेबांनी ‘माझ्या लॅपटॉपला अ‍ॅडमिन राइट्स दे’ म्हटल्यावर, न दुखावता नाही म्हणण्याची. मुरलेला अ‍ॅडमिन स्वतःही मेल बघायला साध्या युजरनेच लॉगिन करतो. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, कामापुरतं.

शिकायला घरचा लॅपटॉप पुरेल. एका लॅपटॉपमध्ये अनेक आभासी संगणक चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, विंडोज सर्व्हरची 180 दिवसांची चाचणी आवृत्तीही. त्याने डोमेन उभं करावं, अकाउंट्स आणि सेल्स असे ग्रुप करावेत, एक फोल्डर शेअर करावा. शेअरवर फुल कंट्रोल आणि एनटीएफएसवर (डिस्कवरच्या फोल्डरच्या स्वतःच्या परवानग्यांत) फक्त रीड, म्हणजे नुसतं वाचणं, दिलं, तर नेटवर्कवरून येणाऱ्याला काय मिळेल? रीडच. दोन्हींत जे कडक, ते चालतं. मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून त्याच मशीनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 4625 नंबरची फसलेल्या लॉगिनची नोंद शोधावी. मुलाखतीत असलं स्वतः केलेलं सांगता आलं की फरक पडतो.

एखाद्या क्लासने एमसीएसए या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रमाणपत्राचं नाव घेतलं तर उठून या. त्या परीक्षा जानेवारी 2021 मध्येच बंद झाल्या. आभासी संगणक एकदम चालवायचे, म्हणून लॅपटॉपला 8 जीबी रॅम असेल तर 16 करून घ्या. आणि क्लायंट मशीनवर, म्हणजे डोमेनला जोडायच्या आभासी संगणकावर, विंडोज होम टाकू नये म्हणावं, ते डोमेनला जोडताच येत नाही.